गॅरेजातली रेशमी फुलं

तायपेजवळच्या लुओदोंग गावात, भाजीबाजारामागच्या गल्लीत आवांगचं स्कूटर दुरुस्तीचं गॅरेज आहे. शटर वर गेलं की डाव्या हाताला टायर, ट्यूब, ऑइलचे डबे आणि आतडी बाहेर काढून ठेवलेलं एखादं इंजिन. उजव्या हाताला, मध्ये जाड प्लॅस्टिकचा पडदा सोडून, एक लांबलचक टेबल आणि त्यावर रेशमी धाग्यांची रिळं. पहिल्यांदा येणारी बाई पडद्याशी थबकते आणि घाबरत विचारते, "फुलांचा क्लास इथेच ना?" आवांग मानही वर न करता हातातल्या पान्याने दाखवतो.

"ग्रीस डावीकडे, रेशीम उजवीकडे. उलट केलंत तर आम्ही दोघंही ओरडू."

या दोघांमधली दुसरी म्हणजे त्याची बायको, लानयिंग.

लानयिंग मूळची नानफांगआओ बंदरातली. बाप बोटीवर, आई धक्क्यावर बांगडे निवडायला. शाळा सुटली की लानयिंगही आईशेजारी पाट टाकून बसायची. बर्फात हात घालून घालून बोटांना चिरा पडायच्या, त्यांत मीठ भरायचं. ते हात घेऊनच ती आवांगच्या घरात सून म्हणून आली, आणि मग वीसेक वर्षं वायरीच्या कारखान्यात उभी राहिली. तिथेही हातच झिजले. एके दिवशी कारखान्यानं गाशा गुंडाळला आणि समुद्रापलीकडे गेला. लानयिंगनं तेव्हा चाळिशी ओलांडली होती. घरी बसायची तिला सवय नव्हती. पहिल्या आठवड्यात तिनं सगळं घर धुऊन काढलं, दुसऱ्या आठवड्यात गॅरेज धुवायला घेतलं. तेव्हा आवांग हात जोडून म्हणाला, "ऑइल पुसून टाकलंस तर लोकांना कसं कळेल मी काम करतो ते?"

तिसऱ्या आठवड्यात ती सासूपुढे जाऊन उभी राहिली.

सासूचं नाव आचू. गल्लीतली लहानथोर सगळी तिला आचू आमा म्हणायची, म्हणजे आचू आजी. एके काळी गावातल्या निम्म्या नवरीमुलींच्या डोक्यातली फुलं तिच्या हातची असत. जाड कागदाच्या पाकळीच्या दोन फाका कापायच्या, मागे केसासारखी तार धरायची, आणि वरून रेशमाचा धागा असा गुंडाळत न्यायचा की कागदही दिसू नये आणि धाग्यावर धागाही चढू नये. मग दोन्ही फाका वाकवून जोडल्या की पाकळी. नवरीच्या अंबाड्यात डाळिंबाचं फूल, सासूच्या डोक्यात हरणाचं, आजीच्या डोक्यात कासवाचं. अलीकडे मात्र नवऱ्या पांढरे झगे घालायच्या आणि डोक्यात प्लॅस्टिकचे मोती. आचू आमाला वर्षातून एखाददुसरंच काम यायचं. त्या दिवशी ती मागच्या खोलीत खिडकीशी तसंच एक काम घेऊन बसली होती.

"आई, मला शिकवा."

"काय?"

"फुलं करायला."

आचूनं तिच्या हातांकडे पाहिलं. "तुझ्या हातात रेशीम दिलं तर रेशीम रडेल. जा, भात लाव."

लानयिंगनं भात लावला. मग खुर्ची आणून सासूच्या समोर ठेवली आणि बसली. दुसऱ्या दिवशीही बसली. सासू बोलत नव्हती, ही उठत नव्हती. काही दिवसांनी तिनं बाजारातून धागा आणला, कागद कापला आणि सासूची बोटं जशी चालतात तशी आपली चालवायला लागली. धागा बोटांच्या चिरांत अडकायचा, तंतू सुटायचे, पानाच्या टोकाशी आलं की सगळं सरकून खाली यायचं. आचू ते उचलून नाकाशी धरायची.

"हे पान आहे की बांगडा?"

आणि टोपलीत टाकायची. काही दिवस बांगडे, काही दिवस बोंबील, एकदा तर "ही कोळंबी बरी जमलीय" असंही म्हणाली. लानयिंग ऐकून घ्यायची आणि नवीन कागद कापायची. रोज सकाळी ती चहाच्या बियांचं तेल हातांना चोळायला लागली. भांडी घासायची ती हातमोजे घालून. आवांग म्हणाला, "राणीसाहेब, चहा मिळेल का?" ती म्हणाली, "आपल्या हातानं घ्या. राणीच्या हातांना तेल लावलंय."

एकदा तिनं केलेलं पान आचूनं उचललं, उलटसुलट पाहिलं आणि परत टेबलावर ठेवलं. ते टोपलीत गेलं नाही. लानयिंग उठून मोरीत गेली, नळ सोडला आणि तोंडावर पाणी मारून घेतलं. मग परत येऊन दुसरं पान घ्यायला बसली.

फुलं यायला लागली, पण घेणार कोण? तेव्हा लानयिंगच्या डोक्यात आलं, की नवऱ्या घेत नसतील तर बायकांना करायलाच शिकवावीत. आचूला हे मुळीच रुचलं नाही. "एवढ्या वर्षांची विद्या, आणि तू ती रस्त्यावर वाटणार?"

"घरात कुजवण्यापेक्षा बरं, आई."

सासू दोन दिवस तिच्या हातचं जेवली नाही. शेजारच्या नूडल्सवाल्याकडून मागवून खाल्लं, आणि त्याच नूडल्सवाल्याच्या भिंतीवर लानयिंगनं क्लासची चिठ्ठी चिकटवली. आवांगनं एका बाजूचे टायर हलवून टेबलापुरती जागा करून दिली. पहिल्या दिवशी तिघी आल्या. एक रिटायर झालेली शाळेतली बाई, एक लग्न ठरलेली मुलगी, आणि श्याव काकू. श्याव काकू खरं तर क्लासला आल्याच नव्हत्या. त्यांच्या स्कूटरचा ब्रेक गेला होता आणि बसायला दुसरी जागा नव्हती. ब्रेक लागेपर्यंत त्यांनी पहिलं पान पूर्ण केलं, आणि ब्रेक लागल्यावरही उठल्या नाहीत.

क्लास वाढला तो श्याव काकूंमुळेच. माझू देवीच्या देवळातलं महिला मंडळ त्यांच्या हातात होतं. त्या बायका घेऊन यायच्या, दमदाटी करून बसवायच्या, चहाला कांद्याच्या पातीच्या गरम पोळ्या आणायच्या. मग वाचनालयातून बोलावणं आलं, मग शाळांतून, आणि हळूहळू गावातल्या नवऱ्याही पुन्हा फुलं मागायला लागल्या. तायपेहून एक नवरी खास फुलांसाठी रेल्वेनं आली. ती गेल्यावर लानयिंगनं स्वतःच्या नावाचं कार्ड छापून घेतलं. तोवर ती बंदरावर बापाची मुलगी होती, कारखान्यात बिल्ल्यावरचा नंबर होती आणि गल्लीत आवांगची बायको. आता जाड कागदावर काळ्या शाईत लिहिलेलं होतं, योउ लानयिंग, रेशमी फुलं. पहिलं कार्ड तिनं आवांगला दिलं. त्यानं ते दोन्ही हातांनी, वाकून, अगदी एखाद्या मोठ्या साहेबाचं घ्यावं तसं घेतलं, आणि त्यावर ग्रीसचा अंगठा उमटवला.

त्यांना एकच मुलगी, वेनचिंग. तायपेच्या इस्पितळात नर्स. तिच्याबरोबर सुट्टीला युनशी यायची, तिथेच रुग्णांकडून व्यायाम करून घेणारी, दणकट, हसरी मुलगी. आवांगला ती फार आवडायची, कारण तिला टायर बदलता यायचा. मैत्रीण म्हणूनच ती इतकी वर्षं येत होती. तिचा ब्रश मोरीत असायचा, तिच्या चपला दाराशी.

एप्रिलात पितरांच्या कबरी साफ करून सगळे घरी आले, जेवले. आचू आमा आत झोपली. लानयिंग पडद्यापलीकडे रिळं लावत होती. दोघी येऊन समोर बसल्या.

"आई," वेनचिंग म्हणाली, "मी आणि युनशी लग्न करतोय. नोव्हेंबरात. आणि फुलं आम्हाला तुझ्याच हातची हवीत."

लानयिंगनं हातातलं रीळ खाली ठेवलं. "जेवण झालं का तुमचं?"

"आई, आत्ताच तर तुझ्यासमोर जेवलो."

"हो का," ती म्हणाली आणि पुन्हा रिळं लावायला लागली. निळ्यात हिरवं गेलं, हिरव्यात जांभळं.

तिला ठाऊक नव्हतं असं नाही. इंजिनात खडखड ऐकू येत असते, आणि तरी माणूस गाडी चालवत राहतो, तसं ते ठाऊक होतं. कायदा होऊनही काही वर्षं झाली होती, टीव्हीवर तिनं अशी लग्नं पाहिली होती. पण टीव्हीवरची लग्नं टीव्हीवर असतात. तिच्या हातांनी या गावातल्या नवऱ्या सजवल्या होत्या. प्रत्येकीच्या आईला 'मुलगा काय करतो' विचारलं होतं. आता तिला विचारतील. त्या दिवसांत तिच्या धाग्यावर धागा चढायला लागला. क्लासमध्ये एका पोरीनं हळूच म्हटलं, "मॅडम, तुमचं पान..." लानयिंगनं पाहिलं. तो बांगडाच होता.

शेवटी आवांगनंच विषय काढला. "तुला राग आलाय का?"

"राग नाही. लोकांना काय सांगायचं?"

"अगं, मी तर सांगून बसलो."

"कुणाला?"

"ज्याला ज्याला. ऑइल बदलायला वेळ लागतो, तेवढ्यात काहीतरी बोलावं लागतं ना!"

लानयिंग हसायला लागली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. तिनं तिथूनच मुलीला फोन लावला.

"युनशीला लाल रंग चालतो ना? डाळिंब लालच हवं. आणि तिच्या केसांचा अंबाडा होईल का? बॉयकटवर पिन कशी टोचू मी?"

पलीकडून बराच वेळ नुसतं नाक ओढल्याचा आवाज आला. मग वेनचिंग म्हणाली, "वाढवतेय केस. तुझ्यासाठीच वाढवतेय."

आचू आमाला सांगितल्यावर तिनं आधी ऐकू येत नसल्याचं नाटक केलं. मग म्हणाली, "दोन नवऱ्या? मग सासू कोण, विहीण कोण? जेवणाची पानं कशी मांडायची?" लानयिंग म्हणाली, "दोघी आया दोघींच्या सासवा. हरणं दोन लागतील." आचूनं तोंड फिरवलं. "मी त्या वेळी कीलुंगला लेकीकडे जाईन. परत येईन तेव्हा सगळं आटोपलेलं असू दे."

"मी तुमचं कासव करून ठेवते."

"कर. घालणार नाही."

लानयिंगनं वाद घातला नाही. कासवाचा कागद मात्र कापायला घेतला.

महिला मंडळाचा क्लास शुक्रवारी असायचा. देवीच्या उत्सवासाठी बायका मोठाली फुलं करत होत्या, टेबल गच्च भरलेलं होतं. श्याव काकूंनी चष्मा काढून खाली ठेवला.

"लानयिंग, ऐकलं ते खरं का?"

"मुलीचं लग्न ठरलंय. नोव्हेंबरात."

"मुलाकडचे कुठले?"

त्यांना ठाऊक होतं. टेबलावरचे सगळे धागे थांबले.

"मुलाकडचं कुणी नाही, काकू. दोन्हीकडचे मुलीकडचेच. दुसरी मुलगी पिंगतुंगची."

श्याव काकू आवाज खाली आणून, अगदी मायेनं म्हणाल्या, "हे बघ, पोरींना करायचं ते करू दे. ऑफिसात जाऊन सह्या करा, चार माणसांत जेवा. पण ही फुलं नको गं. डाळिंब लेकराबाळांसाठी असतं. जुनी रीत आहे. तू ती मोडलीस तर उद्या गावातली नवरी तुझ्या हातचं फूल डोक्यात घालेल का?"

लानयिंगच्या ओठांवर बरंच काही आलं. श्याव काकूंच्या स्वतःच्या सुनेचं आलं, डाळिंब घालूनही तिची कूस अजून रिकामी होती ते आलं. ते तिनं गिळलं. या बाईनंच तिला पहिल्या विद्यार्थिनी आणून दिल्या होत्या.

"काकू, ज्या घालतील त्यांच्यासाठी करीन. पण माझ्या मुलीच्या डोक्यात डाळिंब जाणार. हॉलमध्ये, दिवे लावून, सगळ्यांसमोर. तुम्हालाही आमंत्रण आहे."

श्याव काकूंनी चष्मा पिशवीत टाकला. अर्धवट फूल टेबलावर ठेवून त्या उठल्या. त्यांच्या मागून एकेक खुर्ची सरकत गेली. राहिल्या तिघी. त्यांतली एक कानानं मंद होती, तिनं आजूबाजूला पाहिलं आणि विचारलं, "काय गं, चहाची सुट्टी झाली?"

"झाली," लानयिंग म्हणाली आणि चहा ओतला. किटली तिनं दोन्ही हातांनी धरली होती. मग म्हणाली, "चला, पाकळीचं टोक. इथेच धागा सरकतो. इथे घट्ट धरायचं."

त्या उन्हाळ्यात क्लास निम्म्याहून कमी झाला. लानयिंगनं एकही वार बंद केला नाही. कधी दोघी आल्या तर दोघींना शिकवलं. एकदा कुणीच आलं नाही, तेव्हा ती टेबल पुसून, सगळी साधनं मांडून, वेळ संपेपर्यंत एकटी फुलं करत बसली.

पण खरा पेच वेगळाच होता. युनशीची आई चुनमेइ. पिंगतुंगकडे, चाओचोउ गावात तिचं नाश्त्याचं दुकान होतं. नवरा गेलेला. मुलीनं लग्नाचं सांगितल्यापासून ती मुलीचा फोन घेत नव्हती. युनशी म्हणाली, "माझ्याकडून कुणी नसेल, मावशी. चालेल." हे म्हणताना ती हसत होती, आणि ते हसू लानयिंगला बघवलं नाही.

"न चालायला काय झालं? पण दुसरं हरीण मी काय खुर्चीच्या डोक्यात घालू?"

ती रेल्वेनं निघाली. हुआलिएन, ताइतुंग, सगळा किनारा ओलांडून संध्याकाळी चाओचोउला उतरली, एका लॉजमध्ये राहिली आणि सकाळी दुकानात जाऊन बसली. गर्दी ओसरत आली होती. तव्यामागे एक काटक बाई, हातात उलथनं, कपाळाला बांधलेला रुमाल.

"काय देऊ?"

"मुळ्याची वडी, वर अंडं. आणि गरम सोयाचं दूध."

खाऊन झाल्यावर लानयिंग तव्याशी गेली. "फार छान झालीय. मी लुओदोंगहून आले. वेनचिंगची आई."

उलथनं थांबलं. "तुमच्या मुलीनं माझ्या पोरीला बिघडवलं."

"आमच्या सासूबाई नेमकं उलटं म्हणतात."

चुनमेइला हसू आलं नाही. तिनं तवा खरवडायला घेतला, उगाचच, जोरजोरात. "तुम्हाला नवरा आहे. तुम्हाला परवडतं. मला तीन दीर आहेत. सणाला एकेकाचं बोलणं ऐकते मी. आणि माझ्यानंतर? माझ्या नावानं उदबत्ती कोण लावणार? मला जेवू कोण घालणार?"

"दोघी घालतील. आत्तापासून सांगून ठेवा तिखट किती लागतं ते."

"जा इथून."

"जाते. पुढच्या महिन्यात येते."

"कशाला?"

"वडी खायला. आमच्याकडे अशी मिळत नाही."

पुढच्या महिन्यात ती खरंच गेली. या वेळी धागा घेऊन. मागच्या टेबलावर बसून हरणाचे पाय गुंडाळायला लागली. गिऱ्हाइकं विचारायची, हे काय, किती सुंदर, दाखवा जरा. चुनमेइ तव्यामागून ओरडली, "हे माझं दुकान आहे की तुमचं?" लानयिंगनं टेबल आवरलं, पण उठली नाही. जाताना मात्र तिला फार थकवा आला. गाडीत खिडकीला डोकं टेकून ती बसली आणि पहिल्यांदाच तिला वाटलं, आपण हे कुणासाठी करतोय? त्या बाईला यायचं नाही. तिचंही बरोबरच असेल. घरी येऊन ती आवांगला म्हणाली, "आता पुरे. आता जात नाही." तो म्हणाला, "बरं." महिना संपत आला तेव्हा तिनं पिशवी भरली. आवांगनं काही न विचारता तिला स्टेशनवर सोडलं.

तिसऱ्या वेळी दुकान बंद व्हायच्या वेळेला चुनमेइ हात पुसत तिच्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"ते काय आहे? कुत्रं?"

"हरीण."

"हरणाचे पाय असे असतात? माझ्या सासूच्या डोक्यात होतं तसलं. पाय बारीक होते. मान वर होती, अशी." तिनं आपलीच मान वर करून दाखवली.

"मग तुम्ही करा."

"मला कुठे येतंय?"

लानयिंगनं दुसरी खुर्ची पायानं पुढे सरकवली. चुनमेइ बसली. तव्याच्या डागांनी तिची बोटं खरखरीत झाली होती. धागा लगेच अडकला, तंतू सुटले. तिनं तो टेबलावर टाकला. "झालं. माझ्या हातांना जमणार नाही."

लानयिंगनं पिशवीतून तेलाची बाटली काढली. "हात द्या इकडे." आणि त्या बाईची बोटं एकेक करून चोळायला लागली. चुनमेइनं हात ओढून घेतला नाही. रस्त्यावरून स्कूटर जात होत्या. तवा थंड होत होता.

"पोरगी जेवते का नीट?" तिनं विचारलं.

"दोन माणसांचं जेवते."

"लहानपणापासून तशीच," चुनमेइ म्हणाली आणि धागा पुन्हा उचलला.

त्या दिवशी एक पाय झाला, तोही वाकडा. पण निघताना चुनमेइनं केळीच्या पानात वड्या बांधून दिल्या आणि म्हणाली, "सावकाश जा, विहीणबाई." लानयिंग स्टेशनवर पोचेपर्यंत तो शब्द मनातल्या मनात उलटसुलट करून पाहत होती.

लग्नाच्या आदल्या आठवड्यात आचू आमानं ठरल्याप्रमाणे कीलुंगची बॅग भरली. लानयिंगनं कासव मऊ कागदात गुंडाळून बॅगेत ठेवलं. आचूनं ते बाहेर काढून टेबलावर ठेवलं. लानयिंगनं पुन्हा आत ठेवलं नाही. सासूला स्टेशनवर नेऊन गाडीत बसवलं, पाण्याची बाटली दिली, गाडी हलेपर्यंत उभी राहिली.

सकाळी नोंदणी झाली, दुपारी हॉलमध्ये जेवण. भुरभुर पाऊस होता, पण लुओदोंगमध्ये तो कुणी मोजत नाही. लोक यायचे तेवढे आले. गॅरेजची गिऱ्हाइकं झाडून आली. क्लासमधल्या त्या तिघी आल्या. श्याव काकू आल्या नाहीत. चुनमेइ आली ती थेट स्वयंपाकघरातून आल्यासारखी, हातात गरम डबा, दिरांपैकी कुणीही बरोबर नाही. युनशी तिच्याकडे धावली आणि मध्येच थांबली. चुनमेइ तिला आपादमस्तक पाहून म्हणाली, "केस वाढवलेस? बरे दिसतात." एवढंच. पण डबा तिनं मुलीच्याच हातात दिला.

लानयिंगनं दोघींच्या अंबाड्यात डाळिंबं खोवली. शेकडो नवऱ्यांना तिनं फुलं दिली होती, पण पिन कधी अशी तीनतीनदा काढून पुन्हा लावली नव्हती. मग वेनचिंग चुनमेइसमोर गेली. चुनमेइची मान आधी ताठ होती, मग तिनं ती हळूहळू खाली घातली, आणि वेनचिंगनं तिच्या केसांत हरीण खोवलं. चारांतला एक पाय वाकडा होता. चुनमेइनं हात लावून तो आहे ना ते पाहिलं. आणि युनशी लानयिंगपुढे आली.

"मावशी, जरा वाका."

"आता मावशी नाही," लानयिंग म्हणाली आणि वाकली.

दारूचे पेले उंचावले गेले, आवांग भाषणाला उभा राहिला आणि दोन वाक्यांनंतर त्याला पुढचं काही सुचेना, तेव्हा त्यानं सगळ्यांना मोफत ब्रेक तपासणी जाहीर केली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

सगळं काही जागेवर आलं असं नाही. आचू आमा कीलुंगहून परत आली, लग्नाची मिठाई खाल्ली आणि कडक आहे म्हणाली. युनशीचा उल्लेख ती अजून 'ती पोरगी' असाच करते. पण नव्या वर्षी सगळ्या नातवंडांना लाल पाकिटं देताना एक पाकीट तिनं त्या पोरीपुढेही सरकवलं. श्याव काकू स्कूटर घेऊन अजून येतात. पडद्याच्या डावीकडे, टायरवर बसतात, आवांगशी बोलतात, उजवीकडे बघत नाहीत. लानयिंग त्यांच्यासाठी चहा पाठवते. कप रिकामा परत येतो. मंडळातल्या काही जणी मात्र हळूहळू पुन्हा टेबलाशी येऊन बसल्या. तायपेहून, ताइचुंगहून तिच्याकडे मुलींच्या जोड्याही येतात. त्यांतल्या बऱ्याच जणींच्या आया बरोबर नसतात. लानयिंग कारण विचारत नाही, फक्त हरणांची संख्या विचारते.

दुसऱ्या वर्षी चाओचोउहून फोन आला. चुनमेइला दुकान बंद झाल्यावर दुपारी क्लास घ्यायचा होता. गिऱ्हाइकं मागे लागली होती. लानयिंग रिळं, तारा, कापलेले कागद सगळं घेऊन गेली. दुकानात तव्याचा वास होता, टेबलं पुसून कोरडी केलेली होती, आणि पाच बायका पाठ ताठ करून बसल्या होत्या. लानयिंग सवयीनं टेबलाच्या टोकाशी जाऊन उभी राहिली आणि बाह्या सरसावल्या.

"तुम्ही बसा, विहीणबाई," चुनमेइ म्हणाली. "मी सांगते त्यांना."

"पण पाकळीचं टोक..."

"सांगते ना. बसा तुम्ही. दूध घ्या गरम."

लानयिंग बायकांमध्ये एका स्टुलावर बसली. चुनमेइनं कपाळाचा रुमाल सोडला, धागा ओठांनी ओला केला आणि चढ्या आवाजात, नाश्त्याची ऑर्डर ओरडावी तसं शिकवायला लागली. समोरच्या बाईचा धागा टोकाशी सरकायला लागला होता. लानयिंगचे हात शिवशिवले. तिनं दोन्ही हातांनी दुधाचा पेला धरला आणि चुनमेइचं लक्ष तिकडे जायची वाट बघत गप्प बसून राहिली.